लाल गोळी आणि महागडा डबा

निपाणीजवळच्या गावांत मी आशा कार्यकर्ती म्हणून घरोघरी फिरते. गरोदर बायकांना आम्ही लोहाच्या लाल गोळ्या देतो, फुकट. त्याच घरांत फळीवर हजार-दीड हजाराचा ‘ताकदीचा’ डबाही दिसतो. डबा निम्मा संपलेला, गोळ्यांची पट्टी मात्र न फोडलेली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते पैसे विड्या वळून मिळवलेले असतात.

एका पोरीला पाचवा महिना लागला होता. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं थांबत नव्हती. पण ओठ आणि नखं पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघालं ८.४. गरोदरपणात ते ११ तरी हवं.

“गोळ्या खातीस काय गं?”

“न्हाई अक्का. चहासंगट घेतली की मळमळतंय. परसाकडं बी काळं हुतंय. आतनं काय जळालं की काय, म्हणून सोडल्या.”

सासूनं डबा पुढं केला. “ह्यो देतोय की तिला, दुधातनं. पावण्यानं आणून दिलाय.” साखळी पद्धतीनं विकतात तसला डबा. त्यावरची बारीक अक्षरं मी मोठ्यानं वाचून दाखवली. एका चमच्यात लोह जेमतेम काही मिलिग्रॅम. आमच्या एका गोळीत ६०, शिवाय फोलिक आम्ल. शौच काळं होतं ते अंगात न शोषलेल्या लोहामुळं, त्यात भिण्यासारखं काही नाही. चहा मात्र लोह अंगी लागू देत नाही. म्हणून गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. जेवणात लिंबू, मोडाची मटकी, पालेभाजी, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. बाळंतपणाआधीच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं.

आमच्याच गल्लीतल्या एका माळकरी काकांचं दुखणं वेगळं. पायांना मुंग्या, तळवे बधिर, चालताना तोल जायचा. औषधाच्या दुकानातून कॅल्शियम आणून ते खात राहिले. शेवटी रक्त तपासलं तेव्हा बी-१२ अगदी तळाला. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दुधातूनच मिळतं. काका शाकाहारी, दूधही नावापुरतं, त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. तेही बी-१२ कमी करतं. इंजेक्शनांनी तोल सावरला, पण तळव्यांचा बधिरपणा पुरता गेला नाही. फार उशीर झाला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर आपल्या लोकांत ही कमतरता किती पसरली आहे, ते कधीच दाखवून दिलंय.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनंही एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला होता. चार देशांतल्या खेड्यांतल्या बायकांना गर्भारपणाआधी किंवा सुरुवातीच्या महिन्यांत पूरक पोषण दिलं, आणि बाळं जन्मताना थोडी अधिक लांबीची निघाली. २०१९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. म्हणजे जिथं ताटातच कमी पडतं, तिथं पूरक पोषणाचा उपयोग होतो.

पण धडधाकट माणसानं, जोंधळ्याची भाकरी, डाळ, भाजी, दूध-अंडं मिळत असताना, रोज मल्टिव्हिटॅमिन का गिळावं? मला त्याची गरज दिसत नाही. उलट ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर मोजून ठराविक आठवडेच देतात. ती मनानं घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

तेव्हा बायांनो, डबा घ्यायच्या आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गरोदर असाल तर लाल गोळी १८० दिवस न चुकता खा. मळमळलं तर बंद करू नका, आम्हाला हाक मारा.