पेटीतली राणी

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आमच्या तुकडीतील बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती लिहावी की न लिहावी असा संकोचही वाटला. इतर माजी विद्यार्थी गुरुजनांविषयी, वसतिगृहाच्या उभारणीविषयी लिहितील. आम्ही लिहीत आहोत ते मुंगळ्यांच्या एका राणीविषयी.

आम्ही आठवीत होतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता, सड्यावरच्या कातळातून पाणी वाहत होते, आणि संध्याकाळच्या वंदनेनंतर भोजनगृहातील ट्यूबलाइटखाली पाखरांचा खच पडला होता. यात मुंगळ्यांच्या राण्याही आहेत, असे विज्ञानाच्या सरांनी सांगताच आम्ही ताटे बाजूला सारून त्यांच्या मागे धावलो. पहिल्या रात्री आम्ही मोठ्या कौतुकाने गोळा केले त्यांतील निम्म्याहून अधिक जीव वाळवीचे निघाले. सरांनी फरक दाखवला : वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर नाही, मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर दोरा आवळल्यासारखी बारीक. जमिनीवर उतरल्यावर राणी स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते. आम्हाला हव्या होत्या त्या अशा, पंख टाकून भिंतीच्या कडेने बीळ शोधत फिरणाऱ्या. तशा 11 मिळाल्या.

प्रयोगशाळेतून 11 परीक्षानळ्या नोंदवहीत सही करून घेतल्या. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाशी पुन्हा कापूस. बाहेरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, कारण तिला अंधार हवा असतो. खायला काही द्यायचे नाही, हे ऐकून आम्ही चकित झालो. उडण्यासाठी लागणारे पंखांचे बळकट स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. तेच तिच्या शरीरात विरघळतात, आणि त्यांवर ती स्वतः जगते व पहिल्या पिलांनाही भरवते. पहिली कामकरी मुंगी बाहेर पडेपर्यंत ती अशीच कोंडून घेऊन राहते. राणी हा शब्दच खरे तर फसवा आहे. ती कोणाला आज्ञा देत नाही; आरंभीचे हे दोन महिने तर तीच दाई आणि तीच मोलकरीण असते.

सरांनी एकच अट घातली होती, वारंवार उघडून पाहू नका. ती आम्ही पाळली नाही. सकाळी प्रार्थनेपूर्वी, मधल्या सुट्टीत, रात्री दिवे मालवण्यापूर्वी कागद सरकवून आम्ही अंडी मोजत असू. एके दिवशी सात दिसली, दुसऱ्या दिवशी चार, मग एकही नाही. भेदरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते, हे आम्हाला तेव्हा समजले. दोन राण्या बोळा सैल बसल्यामुळे बुडाल्या. एका नळीत बुरशी धरली. आषाढी पौर्णिमेपर्यंत आमच्या खिडकीतल्या दहाही नळ्या संपल्या.

त्या पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. पावसाळ्यात भिक्षू चालत राहिले, तर हिरवे गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला, असे भन्तेजींनी प्रवचनात सांगितले. आम्ही माना खाली घालून बसलो होतो. कोणी ओरडले असते, तर बरे वाटले असते.

अकरावी नळी पाचवीतल्या एका मुलाकडे होती. मंडणगडकडचा, वडील मुंबईला, आई गावी. रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडायचा, म्हणून त्याची समजूत घालण्यासाठी आम्हीच ती त्याला दिली होती आणि विसरून गेलो होतो. त्याने ती आपल्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घड्यांखाली ठेवली होती. पेटीची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात असे. आम्ही विचारले, "उघडून पाहिलंस का?" तो म्हणाला, "नाही दादा. ती नवीन आहे ना इथे."

15 ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर त्याने पेटी उघडली. राणीच्या पोटाशी फिकट रंगाच्या तीन इवल्या मुंग्या होत्या, आणि चौथ्या मुंगीला ती कोशातून बाहेर ओढत होती. पहिल्या खेपेच्या लेकी नेहमी अशाच लहानखुऱ्या असतात. त्यांना मधाचा थेंब काडीने दिला. किडे मात्र आम्ही मारायचे नाहीत, असे ठरले. ट्यूबलाइटखाली मरून पडलेली चिलटे रोज सकाळी वेचायची. स्वयंपाकघरातल्या मावशी झाडू मारण्यापूर्वी हाक देत.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 19 मुंग्या झाल्या. सुट्टीत त्यांना कोण पाहणार, यावर वाद झाला. काहींनी नळी एसटीने घरी नेण्याची तयारी दाखवली. युरोपातील एका काळ्या मुंगीच्या जातीची राणी प्रयोगशाळेत 28 वर्षे जगल्याची नोंद आहे, हे आम्ही पुष्कळ नंतर वाचले; त्या वेळी प्रश्न तीन आठवड्यांचाच वाटत होता. निर्णय त्या लहान मुलावर सोपवला. त्याने रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी डोळे सुजलेले होते. म्हणाला, "इथेच सोडू. तिला आता सोबत आहे."

आश्विन पौर्णिमेनंतर चार दिवसांनी, जांभ्याच्या कुंपणाच्या तळाशी आम्ही नळीचा बोळा काढला. कोणीच बाहेर आले नाही. परतीच्या पावसाची सर आली, म्हणून वर एक कौल ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन-तीन मुंग्या चिऱ्यांच्या फटीत जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे नळीत फक्त ओला कापूस आणि रिकामे कोश होते. त्याने नळी नळाखाली धुतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पेटी उचलून एसटी गाठली.

सुट्टीनंतर त्यानेच ती प्रयोगशाळेत जमा केली. 11 दिल्या, 11 परत, असे सरांनी नोंदवहीत लिहिले आणि शेरा म्हणून काही लिहायचे आहे का, असे आम्हाला विचारले. आम्ही नाही म्हणालो.