अनार आणि अनारो

फारसीचे कितीतरी शब्द आपल्या घरात पूर्वापार नांदत आहेत. दरवाजा, कागद, बाजार यांना परके म्हणण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. पण शब्द ओळखीचे म्हणून बोलणे थोडेच ओळखीचे होते! तेहरानला नातीजवळ राहिले तेव्हा याचा प्रत्यय आला. जावई तिकडचा, नात अडीच वर्षांची, आणि तिची जीभ तिच्या पायांइतकीच चपळ. लेकीला एकच घोर : दोन भाषांच्या ओढाताणीत पोरीच्या वाक्यांची खिचडी होणार. मी दिवसभर ऐकत बसे. लेक अर्थ सांगत जाई.

फारसीतही क्रियापद आपल्यासारखेच शेवटी. ‘आब बेदे’ म्हणजे ‘पाणी दे’. पण बाप बोलतो, ‘बेरीम पार्क’. जाऊ या पार्कात! जाण्याचे ठिकाण पुस्तकी फारसीत आधी येते, घरगुती बोलण्यात क्रियापदाच्या मागून. पोरीने यात कधी गोंधळ केला नाही. पार्क मागे, पाणी पुढे.

खरी मौज डाळिंबाची. ‘अनार मीखाम’ म्हणजे डाळिंब हवे, कोणतेही चालेल. ‘अनारो मीखाम’ म्हणजे ते डाळिंब, ताटातले, सर्वांत मोठे! पुस्तकातला ‘रा’ हा प्रत्यय बोलण्यात झिजून एवढासा ‘ओ’ उरला आहे. पण त्याचा रुबाब पाहा. ‘बे आजी अनार बेदे’, म्हणजे आजीला डाळिंब दे; येथे अनार क्रियापदाला चिकटून बसते. ‘ओ’ लागला की ते सहसा आजीच्याही पुढे सरकते : ‘अनारो बे आजी बेदे’, ते डाळिंब आजीला दे. हे तिला कुणी शिकवले? कुणीच नाही. अन् गंमत अशी, की मराठीतही आपण नेमके हेच करतो. माझे मात्र साठ वर्षांत तिकडे लक्ष गेले नव्हते.

विशेषणापाशी मात्र वाटा फुटतात. ‘अनारे केर्मेझ’, आधी डाळिंब, मग त्याचा लाल रंग. (हा केर्मेझ आपल्या किरमिजीच्या नात्यातला!) म्हणून ती मराठीतही ‘फूल लाल’ म्हणे. लेक दर वेळी सुधारी. मला ते करवत नसे. आपल्या ओव्या-अभंगांत विशेषण मागे गेले तर आपण कुठे टोकतो?

परवा फोनवर तिने विचारले, “आजी, केय मियाय?”

लेकीला अर्थ विचारावा लागला नाही. शब्दाखाली शब्द ठेवला : आजी, कधी येतेस?

“दिवाळी झाली की,” मी मराठीतच सांगितले.