नारायण विनायक जगताप

वाचनालयातल्या नारळीकरांच्या पुस्तकातून शाळकरी वयात माझ्या हाती लागली ती ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं, आणि वर क्रिकेट! त्या नादात कागदाची पट्टी कापली, एक पीळ देऊन टोकं चिकटवली. पेन्सिल न उचलता ओढलेली रेघ दोन्ही अंगांनी हिंडून मुक्कामाला परत आली. आईला वाटलं, भूमितीचा अभ्यास चाललाय.

‘जगताप’ प्रकरण कॉलेजात कळलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ धाडताना जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजला फ्रेड हॉएलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेला, पद्मभूषण लाभलेला माणूस नाव झाकून परीक्षेला बसतो, हे मला त्या कथेहूनही आवडलं. हॉएलही विज्ञानकादंबऱ्या लिहीत. गुरूचं हे वेड शिष्याने मराठीत आणलं.

पुढे वाचक म्हणून मी जरा खडूस झालो. नारळीकरांची पात्रं गप्पा मारत नाहीत, एकमेकांना समजावून सांगतात. राग-लोभ बेताचेच. पण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’पुढे माझी तक्रार चालत नाही. कथेतले गंगाधरपंत गायतोंडे अशा दुसऱ्याच जगात पोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून जाते, मराठे जिंकतात. तिथल्या आझाद मैदानावर ते भाषणालाही उभे राहतात. मुंबईत मात्र कंपनी सरकार टिकून आहे. पुण्याहून निघालेली गाडी लांब बोगदा ओलांडून ‘सरहद’ नावाच्या स्टेशनात थांबते आणि परवाने तपासले जातात! नोकरीपायी पुणे-मुंबई करताना घाटातल्या बोगद्यातून बाहेर पडलं की माझा हात उगाच पासाकडे जायचा.

मुलीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात हीच कथा भेटली, काटछाट केलेली. वाचून तिने विचारलं, “मग त्या जगातले गायतोंडे तेवढ्यात कुठे होते?”

सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत. उत्तराखाली सही मिळे. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच गळ्यात पडलं.

“आझाद मैदानावर भाषण ठोकत असतील,” मी म्हटलं.

“बाबा, तिथे तर आपल्या जगातले गायतोंडे होते ना!”