चार दिवस सासूचे

वकिली सोडून मला बारा वर्षे झाली, पण भांडणांची गोडी काही सुटली नाही. दुसऱ्यांच्या भांडणांची, हे सांगायला नकोच. आमची नात पुण्यात व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत चित्रे काढायला लागली, तेव्हा घरातल्या पोरांना तिच्या खेळांचे कौतुक वाटले. मला वाटले ते त्या धंद्यातल्या कोर्टकचेऱ्यांचे. आणि खरे सांगतो वाचकहो, घरमालक-भाडेकरूंच्या दाव्यांत माझा जन्म गेला, पण सासू-सुनेचा असा पिढीजात तंटा मी पाहिला नव्हता.

यातली पहिली सासू अटारी. १९७९ साली अमेरिकेत टेलिव्हिजनवर खेळायचे खेळ म्हणजे अटारी, असा तिचा थाट होता. तिच्या पदरी असलेल्या डेव्हिड क्रेन, लॅरी कॅपलन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या हाती एकदा विक्रीचे आकडे पडले. पाहतात तो काय, कमाईचा मोठा वाटा आपल्याच खेळांचा! पगार मात्र ठरलेला, आणि डब्यावर नाव म्हणाल तर त्याचा पत्ताच नाही. चौघे थेट वरिष्ठांकडे गेले. साहेब, रे कासार, कापडधंद्यातून आलेले. खेळ रचणारा आणि डबे भरणारा मजूर यांची किंमत त्यांच्या लेखी एकच होती, असे त्या चौघांपैकी क्रेन पुढे सांगत असे. त्याच अटारीतल्या वॉरन रॉबिनेटने तर आपल्या खेळात एक गुप्त खोली करून तीत स्वतःचे नाव दडवून ठेवले. ते उघडकीस आले तेव्हा स्वारी नोकरी सोडून केव्हाच पसार झाली होती. देवळाच्या पायरीवर नाव कोरणाऱ्याची तळमळ मला इथे दिसते.

चौघांनी नोकरी सोडली आणि ॲक्टिव्हिजन नावाची कंपनी काढली. अटारीच्याच यंत्रावर चालणारे खेळ ते विकू लागले, आणि सोबतच्या पुस्तिकेत खेळ रचणाऱ्याचे नाव आणि छायाचित्रही छापू लागले. सासूबाईंनी १९८० साली दावा ठोकला. १९८२ मध्ये तडजोड झाली. सुनेने विक्रीतला थोडा वाटा द्यावा आणि सुखाने वेगळा संसार करावा, असे ठरले.

आता सून सासू कशी झाली ते ऐका. पहिले चौघे केव्हाच पांगले होते, मालकही बदलले होते; पाटी तेवढी तीच. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रतिस्पर्ध्यासाठी ‘मेडल ऑफ ऑनर’ मालिकेतला एक खेळ करून दिलेली मंडळी २००२ मध्ये बाहेर पडली. त्यांनी इन्फिनिटी वॉर्ड ही संस्था काढली आणि ॲक्टिव्हिजनचा आसरा घेतला. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आला. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याचा एक भाग निघाला आणि जानेवारीपर्यंत त्याची विक्री शंभर कोटी डॉलरवर गेली. मार्चमध्ये त्याच्या दोन्ही कर्त्यांना, जेसन वेस्ट आणि व्हिन्स झॅम्पेला यांना, ॲक्टिव्हिजनने काढून टाकले! कंपनी म्हणे, हे चोरून इलेक्ट्रॉनिक आर्ट्सशी बोलत होते. ते म्हणत, आमचा वाटा बुडवायचे हे निमित्त. दोघांनी एप्रिलमध्ये रिस्पॉन ही नवी संस्था काढली, तीही इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याच पाठबळावर. म्हणजे माहेरी परत! जुने सहकारी त्यांच्यामागे निघाले. ॲक्टिव्हिजनने वर्षअखेर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सलाही दाव्यात ओढले आणि चाळीस कोटी डॉलर मागितले.

या दाव्यातली एक जबानी वाचून मी एकटाच हसत बसलो. दोघांविरुद्ध पुरावा मिळवायचा, तर त्यांच्या संगणकांपर्यंत पोचायला हवे. म्हणून औषधफवारणीचे ढोंग करून कचेरी रिकामी करावी, असाही विचार बोलून दाखवला गेला होता म्हणे. ढेकणांचा एवढा उपयोग आमच्या चाळीत कोणाला सुचला नव्हता.

मे २०१२ मध्ये सगळे मिटले. बोनससाठी वेगळा दावा लावणाऱ्या कर्मचाऱ्यांना ॲक्टिव्हिजनने चार कोटी वीस लाख डॉलर दिले. वेस्ट-झॅम्पेलांना काय मिळाले ते गुलदस्त्यात ठेवण्यात आले. खेळाचे नाव मात्र कंपनीकडेच राहिले.

एवढा आटापिटा का, तर तिथे ‘सोडून जाऊ नका’ असे कोर्टाकडून बजावून घेता येत नाही. नोकरी सोडल्यावर तोच धंदा करू नये, ही अट कॅलिफोर्नियात १८७२ पासून रद्दबातल. मग मालक गुपिते चोरल्याचा, फितुरीचा, नोकरीत असतानाच कट केल्याचा दावा लावतो. यातला योगायोग पाहा. आपल्या करार कायद्याचे २७ वे कलमही १८७२ चेच, आणि दोन्हींचे मूळ न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या एकाच वकिलाच्या मसुद्यात. न्यूयॉर्कने स्वतः मात्र तो मसुदा कधीच स्वीकारला नाही. पिकते तिथे विकत नाही!

हे कलम मला पुन्हा उघडावे लागले ते नातीसाठी. तिला दुसरीकडून बोलावणे आले होते, आणि तिच्या नेमणुकीच्या कागदात दोन वर्षे याच धंद्यात न पडण्याची अट होती. तिची झोप उडाली होती. मी कागद दोनदा वाचला आणि म्हटले, “नोकरी सोडल्यानंतरची ही अट टिकायची नाही. पण तिथली एक रेघसुद्धा बरोबर नेऊ नकोस.”

“आबा, त्या खेळातलं जंगल माझं आहे. तीन वर्षं काढत होते मी ते.”

“ते त्यांचं.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने खेळ सुरू केला आणि शेवटी सरकत जाणारी नावांची यादी दाखवली. भिंग लावून मी तिचे नाव शोधले. आडनावात एक अक्षर चुकले होते. दुसऱ्या दिवशी तिने आधी ते दुरुस्त करून घेतले आणि मग राजीनामा दिला.