बँकॉक हललं तेव्हा...

‘फॉरेनला इंग्लिश शिकवायला चाललेय’ असं सांगितलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, ‘वा, मज्जा आहे बुवा तुझी!’ आणि दुसरी, जरा दबक्या आवाजात, ‘पण अकोल्याची मुलगी त्यांना इंग्लिश शिकवणार?’ मी दोन्ही ऐकल्या. अमरावतीत मास कॉम केलं, मग फ्रीलान्सिंग. लेखाचे चेक दोन-दोन महिने उशिरा यायचे. अशात थायलंडमधल्या एका लँग्वेज सेंटरची ऑफर आली. डिग्रीची कागदपत्रं, इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर, व्हिसा, वर्क परमिट असं सगळं पार पाडून एकदाची बँकॉकला पोचले.

निघताना सूचनांचा पाऊस पडला होता. पासपोर्ट सांभाळ. रात्री एकटी टॅक्सीत बसू नकोस. रस्त्यावरचं काहीबाही खाऊ नकोस. आईने तर शेवया, तिखट आणि ज्वारीचं पीठ असं अर्धं दुकान बॅगेत कोंबलं. भूकंपाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कसा? बँकॉक म्हटलं की मॉल आठवतात, मंदिरं आठवतात, मसाज आठवतो. भूकंप कुणाला आठवतो?

२८ मार्च २०२५, शुक्रवार. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. एका ऑफिस टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर मी अकाउंट्सच्या बारा जणांना शिकवत होते. विषय होता, नम्रपणे विनंती कशी करायची. ‘कुड यू प्लीज’ वगैरे. जेवण नुकतंच झालेलं, त्यामुळे अर्धा वर्ग पेंगत होता.

बोर्डावर लिहिता लिहिता मला गरगरल्यासारखं झालं. वाटलं, बीपी लो झालं असणार. सकाळी नुसती कॉफी घेतली होती. वळून पाहिलं तर पहिल्या रांगेतली मुलगी दोन्ही हातांनी टेबल धरून बसलेली. ‘टीचर, यू ऑल्सो?’ तिने विचारलं. आणि मग खिडकीचे पडदे काचेवर आपटायला लागले. फटक्... फटक्... कुणीतरी ओरडलं, ‘फेन दिन वाय!’ या शब्दांचा अर्थ मला माहीत नव्हता. तिनेच सांगितला, ‘ग्राउंड शेक, टीचर!’ इतके दिवस शब्दांचे अर्थ मी सांगत होते. त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला माझ्या विद्यार्थिनीने शिकवला.

आवाजाचं काय सांगू! भिंतीच्या आतून करकर ऐकू येत होती, जुन्या लाकडी पलंगावर कुणी कूस बदलावी तशी. फक्त हा पलंग तीसेक मजल्यांचा होता. आम्ही टेबलांखाली शिरलो. बिल्डिंग एकीकडे जायची, क्षणभर थांबायची, परत यायची. ते थांबणं सगळ्यात वाईट. परत येईल की तशीच पुढे जाईल, हा एकच प्रश्न डोक्यात. शेजारी एक जण हात जोडून पुटपुटत होता. माझ्या तोंडून ‘बाप्पा... बाप्पा...’ एवढंच निघत होतं. ‘कुड यू प्लीज’ त्या खोलीत कुणालाही आठवलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. हलणं थांबल्यावर जिन्याकडे पळालो. दारात सिक्युरिटी गार्ड दोन्ही हात आडवे करून लिफ्ट अडवून उभा होता. एकोणीस मजले. हातात सँडल घेतलेल्या मुली, एका म्हाताऱ्या साहेबांना दोन बाजूंनी धरून उतरवणारी पोरं, पायऱ्यांवर प्लास्टरची पूड. कुणी कुणाला ढकललं नाही. हे मला आजही विशेष वाटतं.

खाली रस्ता माणसांनी गच्च भरलेला आणि सगळ्यांच्या माना वर! काही टॉवरांच्या गच्चीवरच्या स्विमिंग पूलचं पाणी धबधब्यासारखं खाली कोसळल्याचे व्हिडिओ तेवढ्यात फोनवर फिरायला लागले होते. मग ती दुसरी क्लिप आली. चतुचक भागात सरकारी ऑडिट ऑफिसची तीस मजल्यांहून उंच इमारत बांधून होत होती. ती काही सेकंदांत खाली बसली. धुळीचा लोट आणि पळणारी माणसं. त्या ढिगाऱ्याखाली बहुतेक बांधकाम मजूर होते. ऐंशीहून जास्त जण तिथे गेले.

गंमत बघा, भूकंप बँकॉकचा नव्हताच! तो झाला होता म्यानमारमध्ये, मंडाले आणि सागाइंगजवळ, ७.७ मॅग्निट्यूडचा. तिथून बँकॉक हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. अकोल्याहून दिल्ली सरळ रेषेत जेवढी पडेल, त्याहून लांब. मग इतक्या दूर एवढं हललं कसं? कारण जमीन. आपल्या वऱ्हाडात काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला माती काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देऊन जाते. बँकॉक तर मऊ, ओल्या चिकणमातीच्या जाड थरावर वसलंय. लांबून आलेल्या संथ लाटा अशा मातीत मोठ्या होतात, आणि संथ झोके सगळ्यात जास्त जाणवतात ते उंच इमारतींना. खाली चालणाऱ्या कुणाला नुसती चक्कर आल्यासारखं वाटलं असेल, वरच्यांचं जग झोपाळा झालं होतं.

आमच्यासोबत जिना उतरली होती आमच्या मजल्यावर साफसफाई करणारी बाई. सगळे तिला ‘पी’ म्हणायचे. थाई भाषेत पी म्हणजे ताई किंवा दादा, वयाने मोठ्या माणसासाठी. ती थाई नव्हती, म्यानमारची होती. तिच्यासारखे लाखो जण थायलंडमध्ये कामाला आहेत. क्लास संपला की ती रोज माझ्याकडून एक इंग्लिश शब्द घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाठ करून दाखवायची. ‘डस्टर’, ‘विंडो’, ‘टुमॉरो’.

ती फुटपाथच्या कडेला उकिडवी बसून फोन लावत होती. लागत नव्हता. पुन्हा लावायची. मी शेजारी जाऊन बसले. माझाही लागत नव्हता, पण त्या दोन न लागण्यांत फरक होता. मी घरी सांगायला फोन करत होते की मी आहे. ती विचारायला फोन करत होती की कुणी आहे का. तिचं गाव सागाइंगकडचं. आई, धाकटा भाऊ, त्याची बायको, दोन लेकरं.

दोन तासांनी माझा फोन वाजला. अकोल्यात टीव्हीवर बँकॉकची ती बिल्डिंग पडताना वीस वेळा दाखवून झाली होती. आई आधी काही बोललीच नाही. मग एकदम सुटली, ‘काहून उचलत नव्हती वं फोन? कुठी हायेस तू? किल्लारीवानी झालं काय तिकडं?’

किल्लारी! आईच्या पिढीसाठी भूकंप म्हणजे तोच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. लातूर आणि धाराशिवच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं झोपेतच दगड-मातीच्या घरांखाली गेली. आणि हा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! आपल्या मेळघाटातही, धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये धक्क्यांमागून धक्के बसले तेव्हा लोक घराबाहेर झोपले होते. मी ती बातमी तेव्हा एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिली होती.

‘आई, मी बरी आहे. खाली उतरले. काही लागलं नाही.’ पाच वेळा सांगितल्यावर तिने विचारलं, ‘जेवली काय?’ तेव्हा मला रडू फुटलं. पी माझ्याकडे बघत होती. मराठीचा एक शब्दही तिला कळत नव्हता. ‘मदर?’ तिने विचारलं. मी मान हलवली. ती हसली आणि तिने पुन्हा आपला फोन लावला.

मेट्रो बंद होती, गाड्या जागच्या जागी अडकल्या होत्या. हजारो माणसं चालत घरी निघाली. वर जायची हिंमत नसलेल्यांसाठी रात्री बागा उघड्या ठेवल्या होत्या. मी कपड्यांसकट, बूट घालून झोपले. झोपले म्हणजे पडले.

दुसऱ्या दिवशी पी मला शोधत आली. म्यानमारमधून बातमी येणं मुळातच कठीण होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यापासून तिथे लढाई चालू, सागाइंगकडे तर इंटरनेट वारंवार तोडलेलं. भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली एनडीआरएफची टीम आणि लष्कराचं फील्ड हॉस्पिटल मंडालेकडे पाठवल्याचं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. तिच्या भाषेतली पोस्ट तिने फेसबुकवर टाकलीच होती. तिला तीच इंग्लिशमधून हवी होती, परदेशातून येणाऱ्या पथकांतल्या कुणाच्या नजरेस पडली तर...

मी लिहिलं, ‘वी आर लुकिंग फॉर...’ पुढे पाच नावं, वयं, गाव, घराजवळची खूण. धाकट्या पुतण्याचं वय तिने बोटांवर दाखवलं. चार. लिहून झाल्यावर तिने पहिले शब्द तीनदा माझ्या मागून म्हटले. तेवढ्यातही ती शिकत होती! ग्रामरच्या तासाला मी हे वाक्य चष्मा हरवला, किल्ली हरवली अशा उदाहरणांनी शिकवायचे. आता ते वर्गात घेताना माझा आवाज बदलतो.

तिसऱ्या दिवशी भावाचा व्हॉइस मेसेज आला. घर पडलं होतं. चौघं वाचली होती आणि रस्त्यावर झोपत होती. आई सापडली नव्हती. म्यानमारमध्ये अधिकृत आकडा पुढे साडेतीन हजारांच्या वर गेला. शुक्रवार असल्याने मशिदींत नमाज चालू होती, मठांत भिक्षू होते, तीही छपरं कोसळली. पीच्या आईची बातमी सातव्या दिवशी आली. तिने ती मला सांगितली नाही, फक्त माझा हात धरला. आमच्या दोघींकडे त्यासाठी एक समान शब्द नव्हता आणि लागलाही नाही.

करार संपेपर्यंत मी तिथेच राहिले. ‘येऊन जाय घरी’ हे आईचं पालुपद रोजचं होतं, पण रोज सकाळी तोच मजला झाडायला पी येत होती. मी कोणत्या तोंडाने पळणार होते? हां, भीती मात्र सोबत आली. आता अकोल्यात घराजवळून ट्रक गेला आणि पलंग थरथरला तरी मी उठून बसते. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात कामासाठी गेले की आधी जिना कुठे आहे ते बघते. तुम्हीही बघून ठेवा. हलतंय तोवर टेबलाखाली, थांबल्यावर जिना, लिफ्ट अजिबात नाही. पाच मिनिटांचं काम आहे, कॉफी ब्रेकमध्ये होतं.

पी अजून तिथेच आहे. भावाने बांबू आणि पत्र्याचं घर उभं केलंय, त्याला ती पैसे पाठवते. अधूनमधून तिचा मेसेज येतो, ‘गुड मॉर्निंग टीचर’ आणि सोबत एक नवा शब्द. हल्ली स्पेलिंग मी दुरुस्त करत नाही.

आणि जगात कुठेही भूकंपाची बातमी लागली की आई स्वयंपाकघरातून ओरडते. माझ्यासाठी नाही, मी तर समोरच बसलेली असते. ‘तुया त्या बाईले फोन लाव वं आधी. तिच्या घरचे बरे हायेत काय, विचार!’