विश्वासाचे नाणे

नाशिकची कीर्ती गोदावरीच्या घाटांमुळे आहे, तशीच ती नाशिक रोडच्या छापखान्यामुळेही आहे. पूर्वी आपल्या देशातील नोटा इंग्लंडात छापल्या जात. १९२८ साली नाशिक रोडला चलार्थपत्र मुद्रणालय सुरू झाले आणि त्या येथेच छापल्या जाऊ लागल्या. नोट म्हणजे काय? कागदाचा एक तुकडा! परंतु त्यावर साऱ्यांचा विश्वास असतो, म्हणून त्याला मोल येते. हा विश्वास ढळू नये, यासाठीच नोटेत जलचिन्ह व सुरक्षा धागा असतो. भाजीवाली नोट उजेडाकडे धरते आणि क्षणात खरेखोटे ओळखते.

त्याच नाशिकात आता निराळे दृश्य दिसते. २०१६ साली यूपीआय ही पद्धत आली आणि पंचवटीतल्या भाजीच्या पाटीपाशीही काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद दिसू लागला. गिऱ्हाईक त्यापुढे मोबाइल धरते. शेजारची लहानशी पेटी ‘पैसे मिळाले’ असे मराठीत सांगते. नोट नाही, नाणे नाही! मग हा पैसा उजेडाकडे धरून पाहावयाचा तरी कसा?

हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आले आहे. जुन्या पेढीवरील मुनीम प्रत्येक गिऱ्हाइकाची रीत जाणून असे. हे यंत्रही असंख्य व्यवहार पाहून माणसांच्या सवयी ओळखते. एरवी दिवसा शेदोनशे रुपये देणाऱ्याच्या खात्यातून मध्यरात्री अनोळखी खात्यात मोठी रक्कम जाऊ लागली, की त्याला संशय येतो. चोरीचा पैसा इकडून तिकडे वाहून नेणारी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाचे असेच एक साधन तयार केले आहे.

या अदृश्य मुनिमाविषयी लोकांची मते मात्र सारखी नाहीत. कोणी त्याच्यावर डोळे मिटून विसंबतो. कोणी त्याला भिऊन रोख पैसाच बरा मानतो. भिणाऱ्याला हसणे योग्य नव्हे. रात्री दवाखान्यासाठी घाईने पैसे पाठवणाऱ्या प्रामाणिक माणसाचाही यंत्राला संशय येऊ शकतो. जुन्या मुनिमाला कारण विचारता येत असे. यंत्राला कोणी विचारावे? म्हणूनच रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने २०२५ साली जी सात सूत्रे सांगितली, त्यांतील पहिले सूत्र ‘विश्वास हाच पाया’ असे आहे. यंत्राचा निर्णय माणसाला समजावा आणि त्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी, असेही ती सूत्रे सांगतात.

परंतु पहारेकऱ्याच्या हाती आलेले शस्त्र चोराच्याही हाती येते. कृत्रिम बुद्धिमत्तेने आप्तांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे मागणारे ठक आज आहेत. अशा वेळी घरच्या माणसाला आपण होऊन फोन करून खात्री करून घ्यावी. गुप्त पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे पक्के ध्यानी ठेवावे. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पहारेकरी कितीही दक्ष असला, तरी दाराची कडी घरातल्या माणसालाच लावावी लागते. नोट उजेडाकडे धरणाऱ्या भाजीवालीची ती चिकित्सक नजर आजही तितकीच मोलाची आहे.