करवतीची खरेदी

सुतार लाकडाचा आणि लोहार लोखंडाचा, ही वाटणी गावगाड्यानं फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. लोहाराच्या भात्याच्या ठिणग्या सुताराच्या भुश्शापासून लांब असलेल्या बऱ्या, एवढा व्यवहार त्यात असणारच. दोघे एकत्र येत ते बैलगाडीच्या चाकापाशी. तुंबा, आरे आणि बाहेरचे कमानदार तुकडे सुतारानं घडवायचे. त्यावर लोखंडी धाव तापवून लोहारानं चढवायची. धाव निवताना आवळते आणि सगळं चाक घट्ट धरून ठेवते. म्हणजे लाकूड आणि लोखंड यांचं अगदीच वाकडं होतं असं नाही. पण कापण्याचं काम मात्र दोघांनी आपापल्या अंगणात करायचं!

आमची अडचण अशी, की हे दोन्ही बलुतेदार आमच्या घरात एकाच छपराखाली नांदतात. आबा सुतार. दादा आय.टी.आय.मधून वेल्डिंग शिकून आला. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, शेडच्या कैच्या करतो. ऊस ओढायला ट्रॅक्टर आले तशी लाकडी गाड्यांची कामं आटली. आबांकडे आता देव्हारे, चौकटी, पोळपाट आणि कुदळी-फावड्यांचे दांडे एवढंच येतं. त्यात उजव्या खांद्यानं दगा दिलेला. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक तरुणपणीच एका वखारीतल्या चकती-करवतीनं नेलं आहे. खांदा म्हणतो हातकरवत सोड, बोट म्हणतं यंत्राजवळ जाऊ नको. मग माणसानं करायचं काय?

ऊसहंगामातल्या ट्रॉल्यांच्या दुरुस्तीतून थोडे पैसे शिल्लक पडले आणि घरात बँडसॉची, म्हणजे पट्टाकरवतीची, भाषा सुरू झाली. दोन चाकांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, एवढंच तिचं रूप. दादा म्हणाला, “एकच आणू. लाकूडबी कापंल, लोखंडबी कापंल.” आबा काहीच बोलले नाहीत; आणि आबा गप्प बसले की आईला काळजी वाटते. कोणतं यंत्र घ्यावं हे ठरवायचं काम माझ्यावर आलं. कारण एवढंच, की मी कॉलेजात जाते आणि मला इंग्रजी वाचता येतं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला करवतीतलं काय कळणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

वाचता वाचता एक गोष्ट कळली, ती मला फार आवडली. अशा करवतीची कल्पना इंग्लंडात विल्यम न्यूबेरी यानं 1809 च्या सुमारास मांडली. पण पट्टीची दोन टोकं टिकेल अशी जोडायची कशी, हे कुणाला साधेना. सांधा तुटायचा. पुढं 1846 साली फ्रान्समधल्या क्रेपँ नावाच्या बाईनं सांधा जोडण्याची रीत काढली, तिचं पेटंट घेतलं आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीला हक्क विकले. त्यानंतर ही करवत खऱ्या अर्थानं चालू लागली. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “जोडायचं काम बाईकडंच येतंय.”

आता मुख्य मुद्दा. एक यंत्र दोघांना का पुरत नाही? पात्याच्या धारेपेक्षा त्याच्या वेगाचा इथं जास्त संबंध आहे. लाकडाला पट्टी मिनिटाला सुमारे 3000 फूट धावावी लागते. साध्या पोलादाला 100 ते 300 फूट पुरे. त्याहून फार जोरात गेली तर दात तापतात आणि बघता बघता बोथट होतात. मी वहीत गणित मांडलं. चाक 14 इंची धरलं, तर शाळेतल्या बावीस सप्तमांशानं परीघ बरोबर 44 इंच. लाकडासाठी त्या चाकानं मिनिटाला साधारण 820 फेरे घ्यायचे. लोखंडासाठी 150 फूट वेग धरला तर अवघे 41. घरगुती मोटर फिरते 1440 ला. लाकडासाठी मोटरला 4 इंची आणि चाकाला 7 इंची पुली लावली की काम भागलं. लोखंडासाठी मात्र वेग 35 पटींनी उतरवायचा. मोटरला 2 इंची पुली लावली, तर दुसरी 70 इंची हवी! म्हणजे जवळजवळ सहा फूट. आबांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदा हसले. “एवढं तर गाडीचं चाकबी नसतंय.”

अर्थात त्यासाठी गिअरबॉक्स असतो, दोन टप्प्यांत पट्टे बदलायची सोय असते. दोन्ही वेग देणारी यंत्रंही मिळतात. दादानं मोटरचा वेग विजेनंच कमी करायचा उपाय सुचवला. पण मोटर फारच हळू फिरवली तर तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो. ती तापते, आणि जोर हवा तिथं जोर राहत नाही. गिअरनं वेग उतरला की जोर वाढतो, विजेनं उतरवला की तसं होत नाही. हे दादाला पटलं, कारण मोटर जाळण्याचा खर्च त्याला ठाऊक आहे.

दातांचंही तसंच. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात तरी असावेत असा ठोकताळा आहे. 3 मिलिमीटरच्या पत्र्याला इंचाला 24 दातांचं पातं लागतं. तेच पातं 6 इंची बाभळीत घातलं तर एका वेळी 144 दात लाकडात अडकतात, खाचांत भुस्सा दाटतो आणि पातं कापायचं सोडून घासत बसतं. तिथं इंचाला 3 दात बरे. म्हणजे यंत्र एकच घेतलं, तरी गिऱ्हाईक बदललं की पातं बदला, ताण बदला, वेग बदला. हे दिवसातून चार वेळा कोण करणार? शिवाय चाकांवर रबर असतं. लोखंडाचा कीस त्यात रुतला की तो पुन्हा लाकडाच्या वाटेला येतो. आडव्या लोखंडकरवतीवर थंडाव्यासाठी तेलपाणी सोडतात. ते देव्हाऱ्याच्या सागवानाला लागलं तर डाग आणि बोलणी, दोन्ही आबांनी खायची.

एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूची होती आणि ती लपवणं बरोबर नव्हतं. हळू यंत्रावर लाकूड कापता येतं, नुसता वेळ जातो. वेगवान यंत्रावर पोलाद कापता येतच नाही. शिवाय घर चालतं ते दादाच्या लोखंडावर. मग लोखंडाचीच घ्यावी, असं पुस्तकी अर्थशास्त्र सांगेल. पण त्याच पुस्तकात संधी-खर्च नावाचं प्रकरण आहे. दादाकडे 14 इंची चकतीचं कटर आहेच. ते किंचाळतं, ठिणग्या उडवतं, चकत्या खातं. पण अँगल आणि चौकोनी पाइप कापतं. आबांना मात्र एक कमानदार तुकडा हवा असला तर हातकरवत, नाहीतर तालुक्याची वखार. लोखंडाला दुसरी वाट आहे, लाकडातल्या वळणाला नाही. पाव इंच रुंदीचं पातं पाऊण इंच त्रिज्येचं वळणसुद्धा घेतं. चकती-करवतीला ते या जन्मी जमणार नाही.

आणि ते बोट. चकती-करवत लाकूड उलट माणसावर फेकते. बँडसॉचं पातं वरून खाली जातं, लाकूड टेबलावरच दाबून धरतं. म्हणून ती गरीब आहे असं नव्हे. वरचा संरक्षक लाकडाच्या पाव इंच वर आणून ठेवायचा, हातमोजे घालायचे नाहीत, गोल ओंडका आधाराशिवाय पुढं ढकलायचा नाही. तो गरकन फिरतो आणि हात ओढून नेतो. मी हे वाचून दाखवत होते तेव्हा आबा आपल्या बोटाकडं बघत होते. म्हणाले, “हे तवा कुणी सांगितलं असतं तर.”

दादा त्या रात्री जेवताना बोलला नाही. सकाळी उठून म्हणाला, “लाकडाचीच घेऊ. स्टँड मी करतो.” त्यानं का मानलं ते मी विचारलं नाही.

दुकानदार परवाना लागत नाही म्हणाला. पण तेवढ्यावर विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर सॉ मिलचा विषय देशभर कडक झाला आहे, आणि घरची करवत कुठं मोडते हे दुकानदारानं ठरवायचं नसतं. आबा स्वतः वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारून आले. आईनं आपली अट घातली: दादाच्या कटरचा कीस आणि आबांचा भुस्सा वेगळे झाडायचे, कारण भुस्सा तिच्या बंबात जातो.

करवत आली, दादानं अँगलचा स्टँड जमिनीत बोल्टांनी पक्का केला. पातं तीन वेढ्यांत दुमडलेलं येतं. गाठ सोडली की ते अंगावर उसळतं. आबांनी आम्हांला मागं सरायला लावलं, हातमोजे घातले (पातं हाताळताना ते चालतात), ते उघडलं, दातांची दिशा खाली आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा तीन वेढ्यांत घालायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला दादानं एक बाजू पायानं दाबून धरली, आबांनी मनगटं आत वळवली, आणि पातं गुमान तीन कड्यांत बसलं.